या ताई, बसा, काय दाखवू?

गेल्या दिवाळीत मी माझ्या बायकोला साडी खरेदीला चल म्हणालो आणि ती नाही म्हणाली. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण मी नगरच्या कापडबाजारात छत्तीस वर्षं साड्या विकल्या आहेत. दिवाळीचा सेल लागला की बायका सकाळी दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या राहतात आणि शटर अर्धं वर गेलं की वाकून आत शिरतात, हे मी दरवर्षी पाहिलेलं. सेलला नको म्हणणाऱ्या बायका त्या मानाने फार थोड्या भेटल्या, आणि त्यातली एक माझ्याच घरात निघाली.

दिवाळी अंकाचे संपादक धंद्यातले अनुभव लिहा म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, मी साड्या उलगडल्या आणि परत घड्या घातल्या, याच्या पलीकडे काही केलेलं नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून तेच लिहितो आहे, आणि मंदाची, म्हणजे आमच्या मंडळींची, परवानगी घेऊन लिहितो आहे. ती म्हणाली, "लिवा. पर माजं वय लिवू नगा."

बाहेरच्यांना आमचं काम सोपं वाटतं. पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, आत आम्ही मांडी घालून बसलेले, समोर गिऱ्हाईक, आणि पाठीमागे छतापर्यंत साड्या. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं आणि आम्ही काढून द्यायचं, एवढंच लोकांना दिसतं. पण आमच्यात पहिली साडी विकण्यासाठी काढतच नाहीत. ती गिऱ्हाइकाला बोलतं करण्यासाठी असते. ती बघून बाई म्हणते, "अशी भडक नको," किंवा "असला काठ माझ्याकडे आहे." म्हणजे तिला काय नको ते कळलं. दोन-तीन साड्यांत काय हवं तेही कळतं. काय भावातली दाखवू, हे आधी कधी विचारायचं नाही. माणूस अवघडतो. साडी उलगडायला तर काहीच लागत नाही, घडी घालायला हात लागतो. मूळ मोडीवर मोड बसली नाही तर कोरी साडी दुसऱ्या दिवशी नेसून काढल्यासारखी दिसते. माझी घडी बघून शेठ म्हणायचे, दत्तूमामांनी घातलेली घडी कारखान्याला कळणार नाही. मला दुकानात सगळेच मामा म्हणत, माझ्यापेक्षा वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

आता सेलबद्दल. निवृत्त झालो असल्यामुळे सांगायला हरकत नाही. सेलमधला काही माल खरोखरच स्वस्त असतो. एखाद्या रंगाचा ढीग उरलेला असतो, तो शेठला नजरेसमोरून घालवायचा असतो. काही माल खास सेलसाठी मागवलेला असतो आणि एरवी दुकानात औषधालाही सापडत नाही. उरलेला माल नुसता वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर येतो आणि त्याला नवी चिठ्ठी लागते. हे आमच्याच दुकानात व्हायचं असं नाही, आणि आमच्या दुकानात व्हायचं नाही असंही मी म्हणणार नाही. पण मी हातात साडी धरून कधी खोटं बोललो नाही. "रंग जाईल का?" असं कुणी विचारलं आणि जाणार असला, तर मी म्हणायचो, "ताई, पहिल्यांदा वेगळी धुवा." समजणाऱ्याला समजायचं.

सेलच्या गर्दीत न येणारी गिऱ्हाइकं माझ्या लक्षात राहिली आहेत. शनिशिंगणापूरचे एक पाहुणे यायचे. देवळाच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या साहित्याचं दुकान होतं. त्यांच्या बायकोला गर्दी सोसत नव्हती, म्हणून साडी तेच न्यायचे, सेल लागायच्या आधी, आणि रंगाचा नमुना खिशात घालून यायचे. एका वर्षी त्यांनी खिशातून वालघेवड्याची शेंग काढली. हिरवी, आणि कडेला जांभळी रेघ असलेली. "ह्या अंगाची आन् ह्या काठाची द्या," म्हणाले. मी म्हटलं, थोडं इकडेतिकडे चालेल ना? तर म्हणाले, "मामा, आमच्या गावात घराला दार न्हाई, पर आमच्या मंडळींच्या कपाटाला कुलूप हाय. चुकीचा रंग आत जाऊ देत न्हाई ती." दोन तास गेले. शेवटी खालच्या फळीवर मागे सरकलेली एक साडी निघाली. त्यांनी ती उजेडात, पायऱ्यांवर नेली, वर शेंग ठेवली आणि अर्धं दुकान बघायला गोळा झालं. पुढच्या वर्षी त्यांनी कांद्याची पात आणली, पण तोवर मी तयारीत होतो.

दुसऱ्या आमच्या मार्था टीचर. एका मिशन शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं. त्यांना नाताळासाठी साडी लागायची, पांढरी आणि बारीक काठाची. पण दिवाळीचा सेल पूर्ण उठून गेल्याशिवाय त्या पायरी चढायच्या नाहीत. "बोर्ड उतरवला की सांग मला, दत्तू." रिकाम्या दुकानात तासभर बसून त्या एकच साडी घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, टीचर, महिनाभर आधी आला असता तर हीच स्वस्तात मिळाली असती. त्या म्हणाल्या, "गर्दीत घेतलेली साडी घरी गेल्यावर परकी वाटते रे. दुसऱ्या कुणाची तरी ओढून आणल्यासारखी." मग चष्मा पुसत विचारलं, "मंदाला काय घेतलंस यंदा?"

मी म्हटलं, "घेतली की." आणि विषय बदलला, कारण मी काय घेत होतो ते टीचरना सांगण्यासारखं नव्हतं.

भाऊबीज झाली की शेठ आम्हा माणसांना घरच्यांसाठी एकेक साडी घेऊ द्यायचे. तोवर चांगला माल संपलेला असायचा. मग मी शोकेसमधली उतरवून घ्यायचो. ती वाईट नसते, उलट दुकानातली सगळ्यात देखणी म्हणूनच काचेत लागलेली असते. फक्त महिनाभर ऊन खाऊन तिच्या एका बाजूला फिकट पट्टा पडलेला असतो. मंदा निऱ्या अशा काढायची की तो पट्टा आत जायचा. कधी बोलली नाही. मला वाटायचं, नवरा साडीच्या दुकानात असल्याचं तिला केवढं सुख आहे!

दिवाळी मात्र तिने एकटीनेच केली. नरकचतुर्दशीला मी अंगावर दोन तांबे ओतून पळायचो. लक्ष्मीपूजन माझं दुकानात व्हायचं. पाडव्याला तर साडीचं दुकान बंद ठेवणं म्हणजे पापच. भाऊबीजेला ती एकटी एसटीने माहेरी, शेवगावकडे, जायची आणि एकटी परत यायची. दुकानाची गर्दी ओसरली की एखाद्या सकाळी ती मला पाटावर बसवायची आणि म्हणायची, "पाडवा समजा." मी समजायचो.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शिमग्याला गुडघ्यांनी मांडी घालायचं साफ नाकारलं आणि मी काम सोडलं. तेव्हाच ठरवलं होतं, की येत्या दिवाळीला मंदाला सेलला न्यायचं. गादीच्या आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला आपण दोघं शेजारी बसायचं. चहा मागवायचा. आणि जन्मभर काचेतली नेसलेल्या बाईने हवी ती साडी फळीवरून काढून मागायची, मग दुकानभर पसारा झाला तरी चालेल. माझ्या जागेवर आता जो बसतो, त्याला सांगूनही ठेवलं होतं, की मामी येणार आहेत, चांगला माल हाताशी ठेव. हे माझ्या मनाने फार घेतलं होतं. छत्तीस वर्षांची भरपाई एका दुपारी करून टाकू, अशी माझी समजूत होती.

आम्ही राहतो नागापूरला, मुलाची नोकरी तिथल्याच कारखान्यात. वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस मी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालो. मंदा चकलीची भाजणी चाळत होती.

"चल," मी म्हटलं, "आवर. सेल लागलाय."

"तुमी जा. मी न्हाई यायची."

मला वाटलं भाजणीमुळे म्हणते. मी म्हटलं, उद्या जाऊ. म्हणाली, उद्याही नाही. मी म्हटलं, पैशाचं बघू नकोस. म्हणाली, पैशाचं कोण बोललं. मी म्हटलं, मग सूनबाईच्या मोबाईलवर बघ, तिथेही सेल आहे, घरबसल्या येते साडी. तर सरळ चाळण आपटली. छत्तीस वर्षं मी "नको" म्हणणाऱ्या बायकांना साड्या विकल्या. कुठल्या नकोच्या मागे भाव आहे, कुठल्याच्या मागे सासू आहे आणि कुठल्याच्या मागे नुसतीच हौस आहे, हे मला कळतं. पण या नकोला मला कुठून हात घालावा ते कळेना.

दुपारी छोट्या शेठचा फोन आला. दरवर्षी सीझनला जुनी माणसं बोलावतात, तसा. "मामा, दहा दिवस या. खाली बसू नका, तुम्हाला स्टूल देतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक सांभाळणारं इथे कुणी नाही." मी विचारून सांगतो म्हटलं, पण खरं सांगायचं तर ते ऐकून बरं वाटलं. सेल सुरू झाला की माझे हात आपोआप काहीतरी घडी घालायला शोधतात. त्या सकाळी मी घरातल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या होत्या.

मी मंदाला म्हटलं, "तू येत नाहीस, तर मी तरी जातो दहा दिवस. नुसता बसून काय करू?"

तिने परातीत भाजणी घेतली, मोहन घातलं, आणि मळता मळता माझ्याकडे न बघताच विचारलं, "एक सांगू का? रागावनार न्हाई ना?"

"नाही."

"मी आल्ते एकदा. तुमच्या दुकानात. सेललाच."

मी म्हटलं, कधी? मला कसं माहीत नाही?

"पोरगं शाळेत जात हुतं तवाचं. भिशी लागल्ती मला. मनात आलं, काचेतली नगं, एक डाव आपल्या मनानं घिऊ. तुमाला सांगितलं न्हाई. म्हनलं, एकदम जाऊन समोर बसू, गंमत करू. लई गर्दी. घुसत घुसत तुमच्या म्होरं आले. तुमी मान खाली घालून घडी घालत हुता. आन् म्हनलात..." इथे तिला हसू यायला लागलं. "म्हनलात, या ताई, बसा, काय दाखवू?"

मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नकोस."

"आईच्यान! मला वाटलं, तुमीच गंमत करताय. म्हनून बसले."

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मी नवा लागलो तेव्हा मोठ्या शेठनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की गर्दीत गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही, हात बघायचा. तोंडाने बाई "बरी आहे" म्हणते, पण तेवढ्यात तिचा हात साडीवर थांबलेला असतो. तो जिथे थांबला, ती साडी तिची. शिवाय प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत बसलं तर दिवसाला दहासुद्धा गिऱ्हाइकं होणार नाहीत. मी ते इतकं नीट शिकलो, की सीझनचे दहा दिवस मला माणसं दिसायचीच नाहीत. बांगड्या, अंगठ्या, मेंदी, चुन्याने फाटलेली बोटं, एवढंच दिसायचं. मोठे शेठ याबद्दल माझं उदाहरण द्यायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

"तोंडावरून पदर घेतला असशील," मी म्हटलं.

"न्हाई. उघडं तोंड."

"उजेड कमी असेल."

"एवढ्या ट्यूबलाइटी हुत्या!"

मग तिने सगळं सांगितलं. मी तिला एका मागून एक साड्या दाखवल्या. तिने जांभळीवर हात ठेवला, तर मी लगेच ती पूर्ण उलगडली, पदर माझ्या खांद्यावर टाकून दाखवला आणि म्हणालो, ताई, ही साडी चार दिवस फळीवर पडून होती, मला कळत नव्हतं कुणाची वाट बघतेय. आता कळलं. हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. मी ते शेकडो बायकांना म्हटलं असेन.

"एवढं गोड बोललात," मंदा म्हणाली, "की माज्या डोळ्याला पानीच आलं. म्हनलं, आता वर बघतील, आता हसतील. तर पलीकडची बाई म्हनली, ओ मामा, ती निळी द्या. आन् तुमी तिकडं वळला. मंग मी उठले."

"हाक तरी मारायचीस!"

"काय म्हनून मारू? आवो म्हनून? समद्या बायांच्या देखत? त्यांनी इचारलं असतं, घरचंच मानूस वळखू येत न्हाई का मामांना. तुमचीच लाज गेली असती."

"मग घरी आल्यावर सांगायचंस."

"सीझन हुता." ती मळायची थांबली. "घरी येऊन रडले. लई रडले. मग हसले. मग चुलीवर भाजी जळत हुती ती बघितली. पर त्या दिवसापास्नं मनाशी ठरीवलं, सेलला काय आपुन जायचं न्हाई. तितं गेलं की मी तुमची कुनी नसते."

ती हे सहज म्हणाली. तिला कसलाही सूड उगवायचा नव्हता. एवढ्या वर्षांत तिने ते स्वतःपुरतं इतक्या वेळा हसून घेतलं होतं, की आता मलाही हसू येईल असं तिला वाटत होतं. मला हसू आलं नाही. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. माझ्या हातून दुकानात चुका झाल्या आहेत. एकीची पैठणी दुसरीच्या पिशवीत गेली आहे, लग्नाच्या बस्त्यात एक साडी कमी भरली आहे. त्या सगळ्या निस्तरल्या. ही चूक मला माहीतही नव्हती, आणि ती करताना मी माझ्या कामात सगळ्यात हुशार समजला जात होतो. मला त्या बाईची कीव आली, जिला मी ताई म्हटलं, आणि माझी लाज वाटली.

संध्याकाळी मी छोट्या शेठला फोन केला आणि येत नाही म्हणालो.

"का मामा? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. घरी काम आहे."

"दिवाळीत?" त्याने आश्चर्याने विचारलं. त्याच्या वडलांना मी हे वाक्य कधीच म्हणालो नव्हतो.

अशी आमची सेलशिवायची दिवाळी झाली. सूनबाई शेजारणींबरोबर जाऊन आली, तिला कुणी अडवलं नाही. शेजारणींनी आपापल्या साड्या मला आणून दाखवल्या आणि मी सगळ्या छान आहेत म्हणालो. घरात मी नुसता पायात पायात येत होतो. मला आकाशकंदील कुठे टांगतात ते माहीत नव्हतं. दर वर्षी तो टांगलेलाच दिसायचा. लक्ष्मीपूजनाला दुपारी चारपासून मी घड्याळाकडे बघत होतो, कारण तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंदाने माझ्यापुढे झेंडूची फुलं ओतली आणि माळा करा म्हणाली. फुलं आकाराप्रमाणे लावून मी माळा इतक्या टापटिपीने ओवल्या की त्या दाराला लावायला तिला वाईट वाटलं.

पाडव्याच्या सकाळी तिने पाट मांडला. भोवती छोटी रांगोळी काढली. मी बसलो, म्हणजे गुडघ्यांमुळे कसाबसा टेकलो. ताटात निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता. माझ्या पहिल्यांदाच एक गोष्ट लक्षात आली, की ओवाळणीला टाकायला माझ्याकडे काहीच नाही. साडी घेतली नव्हती, आणि तिच्यासाठी दुसरं काही घ्यायचं मला कधी सुचलेलं नाही.

"साडी राहिली बघ," मी म्हटलं.

"मागितली कुनी? गप बसा. मान हलवू नगा."

तिने कुंकू लावलं आणि ताट हळूहळू फिरवू लागली. निरांजन वर आलं की तिच्या तोंडावर उजेड यायचा. डाव्या भुवईच्या टोकाला, जरासा खाली, एक तीळ दिसला. चांगला ठळक. या वयात नवा तीळ येणं बरं नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"मंदा, हा तीळ कधी आला गं? डॉक्टरला दाखवू."

ताट थांबलं.

"ह्यो? जल्मापास्नं हाय."

"काहीतरीच!"

"काहीतरीच कसं? बघायला आल्ता तवा तुमच्या आईनं ह्योच बघून पसंत केली मला. पोरगी नशिबाची हाय म्हनल्या, समद्यांच्या म्होरं. तुमी शेजारीच बसल्ता."

"मग मी काय करत होतो?"

"माज्या साडीचा काठ बघत हुता."

ती पुन्हा एकदा ताट फिरवून ते खाली ठेवायला वाकली. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "थांब. ठेवू नकोस. बघू दे जरा."

"बघा की," ती म्हणाली, "मी कुटं चाललीय." आणि ताट तसंच धरून माझ्यासमोर उभी राहिली.